डावीकडं, बोटभर

रात्री दोन वाजून दहा.
आडवं झालं की डावीकडं कळ येते,
उठून बसलं की जराशी ओसरते.
तेविसाव्या वर्षी हे कुणाला सांगायचं?
आई म्हणेल, ओवा चाव.
अण्णा म्हणतील, मोबाईल घेऊन लोळू नको.

चौकात जयदीपचा फ्लेक्स अजून उतरवलेला नाही.
उन्हानं शर्टाचा रंग उडालाय,
हसणं तेवढं तसंच.
दहावीपर्यंत एका बाकावर होतो आम्ही.
त्या रात्री त्यानं गाड्यावरचा सोडा पिला,
म्हणाला, "गॅस झालाय रे,
सकाळी बघू."

सकाळी आम्ही बघायला गेलो.

इर्शादला फोन लावला.
त्यानं काही विचारलं नाही,
बनियनवर जर्किन चढवलं आणि गाडी काढली.
हुपरी मागं पडली,
दुकानांची शटरं, विझलेल्या भट्ट्या,
गडमुडशिंगीजवळ उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक,
आणि मी मागं बसून
मनगटावर आपलीच नाडी मोजतोय,
आकडा चुकतोय,
परत एकपासनं.

सीपीआरमध्ये सगळे जागे.
एक म्हातारी मोडलेला हात मांडीवर घेऊन
तान्ह्या पोरासारखा थोपटत बसलेली.
डॉक्टरीण माझ्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठी.
छातीवर गारगार जेल, सहा चकत्या,
मशीननं गुलाबी कागद सोडला सळसळत.
मला वाटलं, त्यावर मराठीत काहीतरी लिहून येईल.

"जेवलास काय?"
तांबडा रस्सा. अकराला. तीन वाट्या.
"आणि लगेच आडवा?"
लगेच.
"काम?"
पैंजणाच्या कड्या जोडतो. मांडी घालून,
चिमट्यावर वाकून, दिवसाचे बारा तास,
लग्नसराईत चौदा.
ती लिहीत गेली.
एक गोष्ट तिनं विचारली नाही.
विचारली असती तर सांगितलं असतं
की वीस दिवस झाले,
मी दिवा मालवून झोपलेलो नाही.

मग तिनं एक बोट टेकवलं,
बरगडी मधल्या हाडाला मिळते तिथं,
आणि दाबलं.
आईशप्पथ, ओरडलोच.
"हेच दुखणं का?"
हेच.
"मग बरं झालं," ती म्हणाली,
"बोटाखाली सापडणारं दुखणं बहुतेकदा भिंतीचं असतं,
घरात राहणाऱ्याचं नसतं."
पेन थांबवून परत म्हणाली, "बहुतेकदा.
चढताना छाती दाटली, घाम फुटला, हात जड पडला,
तर ओवा नको, सोडा नको,
सकाळ तर नकोच नको."

तिला जयदीप माहीत नव्हता.
तरी तिनं त्याचीच रात्र सांगितली.

दसरा चौकात चहावाला स्टोव्हला पंप मारत होता.
इर्शादनं दोन सांगितले.
माझा कागद घेऊन त्यानं
रेघेवरनं बोट फिरवलं, वर, खाली, वर,
नव्या डिझाइनचा नमुना बघावा तसं.
"कडी कुठं तुटलेली नाही," म्हणाला.
मी हसलो. वीस दिवसांत पहिल्यांदा,
आणि हसताना बरगडी दुखली,
तेही चांगलं वाटलं.

मग तो रस्त्याकडं बघत राहिला.
कपावर साय धरली.
"मला जिना चढताना होतंय," म्हणाला,
"दिवाळीपासनं.
थांबलं की जातंय. म्हणून बोललो नाही."

किल्ली त्याच्या बोटात फिरत होती.
मी ती काढून घेतली.
सीपीआर दोनशे पावलांवर.
मी त्याला चालू दिलं नाही.